पुण्याचे चार उंबरे

मारेगावच्या स्टँडवर आई भाकरी-ठेच्याचा डबा पिशवीत सारते आणि म्हणते, "पोचली की फोन करजो, बाई." यवतमाळहून रात्रीची ट्रॅव्हल्स. पहाटे संगमवाडीला उतरतेस. कॉलेजात प्रवेशाची वेळ व्हायला अवकाश आहे, म्हणून आधी शहराकडे वळतेस. बाजीराव रोडवर विश्रामबाग वाड्याच्या कोरीव सागवानी सज्जाखाली येतेस आणि गाड्यांचा आवाज विरत जातो.

साल १८२१. ऑक्टोबर महिना. पेशवाई बुडून तीन वर्षं झालीत. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधलेल्या या वाड्यात इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने संस्कृत पाठशाळा उघडली आहे. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, त्याच रकमेतून तिचा खर्च चालतो. सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब तुला दिसतात, आतली घोकंपट्टी ऐकू येते. पण आत बसलेत ते फक्त ब्राह्मणांचे मुलगे. तू उंबऱ्याशीच थांबतेस.

थोडंच चालायचं आहे, पण तेवढ्यात सत्तावीस वर्षं ओलांडतेस. १८४८, बुधवार पेठ. आज जिथे दगडूशेठ गणपतीचं मंदिर आहे, त्याच्यासमोर भिडे वाडा. इथे ना नक्षी, ना कमानी. साधा राहता वाडा. जोतीराव फुल्यांनी इथे मुलींची शाळा काढली आहे. सावित्रीबाई येतात, त्या अंगावर शेणाचे शिंतोडे घेऊन. सोबत आणलेलं दुसरं लुगडं नेसतात आणि शिकवायला उभ्या राहतात. या उंबऱ्यावर तुला कुणी अडवत नाही. तू मुलींच्या ओळीत जाऊन बसतेस. या भिंती नीट बघून घे. २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी हा मोडकळीला आलेला वाडा उतरवला गेला.

तिसरा उंबरा नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूला. विश्रामबागेतली ती पाठशाळा वाढत, नाव बदलत डेक्कन कॉलेज झाली आणि १८६८ मध्ये या नव्या इमारतीत आली. आराखडा विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा, मोठी देणगी जमशेटजी जीजीभाईंची. कमानी टोकदार, विलायतेतल्या गॉथिक धाटणीच्या. दगड मात्र आपल्याच दख्खनचा, काळा. १८७९ ची रात्र आहे. एका खोलीत दोन तरुण तावातावाने बोलताहेत. एक टिळक, दुसरे आगरकर. आगरकर तुला जवळचे वाटतात, कारण ते शिकले आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला. अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. सरकारी नोकरी करायची नाही, आपली शाळा काढायची, असं दोघांचं ठरतंय. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघतं, चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि १८८५ च्या जानेवारीत पेठेतल्या गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज. गव्हर्नराचं नाव दिलेलं असलं, तरी ते चालवायला आयुष्याची वीस वर्षं लिहून देणारे शिक्षक इथलेच.

चौथा उंबरा फर्ग्युसनचा. मागे टेकडी, पुढे १८९५ ची दगडी इमारत. प्राचार्य आगरकर दम्याने खंगलेत. त्याच वर्षी १७ जूनला ते गेले, वय अवघं अडतीस. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं, तेही एकत्र बसवून, हे त्यांनी आपल्या 'सुधारक' पत्रात लिहून ठेवलं होतं. लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. माहेर म्हणजे लेकीला दार उघडणारं घर. ते नाव पुण्याला वाड्यांनी आणि कमानींनी मिळवून दिलं नाही. एका सदऱ्यावर शिकलेल्यांनी, शेण झेलत शिकवणाऱ्यांनी ते कमावलं. तुझ्या वणीच्या कॉलेजाला लोकमान्य टिळकांचं नाव आहे. त्या रात्रीच्या बोलण्याचा एक धागा तुझ्या गावाशेजारीही पोचलाय.

आवाज परत येतात. रिक्षा, हॉर्न, मुलामुलींचा घोळका. हातात प्रवेशाचा कागद. पायरी चढतेस, उंबरा ओलांडतेस. कुणी मान वर करून बघतही नाही. दोनशे वर्षांची सगळी धडपड एवढ्याचसाठी होती.

फोन लावतेस.

"पोचली वं माय."