रायफल तीच, राज्य वेगळे : कॅलिफोर्नियाचा शस्त्रकायदा

चाप ओढताच एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते, ती अर्धस्वयंचलित रायफल. स्टॉक्टनच्या शाळेत पाच मुलांचा बळी गेल्यावर कॅलिफोर्नियाने १९८९ मध्ये अशा काही रायफलींवर नावानिशी बंदी घातली. उत्पादकांनी नावे बदलून जवळपास तीच शस्त्रे विकली. म्हणून २००० पासून कायद्याने नावाबरोबरच घडणीवरही बोट ठेवले. मॅगझिन काढता येत असेल, तर पिस्तुलासारखी खाली उतरलेली मूठ, दुमडणारा वा सरकणारा दस्ता, नळीच्या तोंडाशी ज्वाला झाकणारे साधन, यांपैकी एकही गोष्ट रायफलीला ‘हल्ल्याचे शस्त्र’ ठरवण्यास पुरेशी आहे. रिमफायर काडतुसांच्या रायफली यातून वगळल्या आहेत. मग गोळीच्या टोकाने दाबण्याची कळ निघाली. मॅगझिन काढण्यास ‘अवजार’ लागते, एवढाच तिचा युक्तिवाद! ती पळवाट २०१७ पासून बंद झाली. आता बंदुकीची यंत्रणा खोलल्याशिवाय मॅगझिन निघता कामा नये. शेजारच्या नेवाडात अशी बंदी नसल्याने तिथली कायदेशीर रायफल सीमा ओलांडताच गुन्ह्याचा विषय होते. भारतात शस्त्रे हा संघसूचीतील विषय असल्याने बेळगाव असो वा पणजी, शस्त्र अधिनियम, १९५९ हाच लागू आहे.