भिडे वाडा आणि विश्रामबाग

पुण्याच्या बुधवार पेठेंत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं तेथें मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाई शिकवूं लागल्या. शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येतें, असें मानणाऱ्या समाजांत हें धाडस सोपें नव्हतें. विरोधामुळें ती शाळा कांहीं महिन्यांतच बंद पडली. परंतु ३ जुलै १८५१ रोजीं त्याच पेठेंतील चिपळूणकरांच्या वाड्यांत नवी शाळा सुरू झाली. मागोमाग रास्ता पेठेंत व वेताळ पेठेंत आणखी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं सरकारनें विश्रामबाग वाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार केला.

जेथें शाळेचा जन्म झाला तो भिडे वाडा आणि जेथें तिचा गौरव झाला तो विश्रामबाग, या दोन वास्तूंचें पुढील नशीब मात्र अगदीं वेगळें ठरलें. विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाचा, कोरीव खांबांचा वाडा. १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा भरली. १८७९ च्या आगींत वाड्याची मोठी हानि झाली. पण तो पुन्हां उभा करण्यांत आला. कधीं पाठशाळा, कधीं नगरपालिकेची कचेरी, असा तो वापरांत राहिला आणि म्हणून टिकला.

भिडे वाड्यास ना राजवैभव, ना नक्षी. रस्त्याच्या बाजूस दुकानें चालत राहिलीं, वरचा भाग मात्र ढासळत गेला. २००६ सालीं महानगरपालिकेनें स्मारकाचा ठराव केला, तेव्हां भाडेकरू व जागेवर हक्क सांगणारे न्यायालयांत गेले. अनेक वर्षें वाद चालला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत तो संपला. आणि डिसेंबरांत मोडकळीस आलेला वाडा राष्ट्रीय स्मारकासाठीं पाडण्यांत आला. निकाल स्मारकाच्या बाजूनें लागला खरा, पण ज्याचें स्मारक करावयाचें तेंच तोंवर वांचविण्याजोगें उरलें नव्हतें.

जुन्या शाळेची वास्तु केवळ गौरवाच्या पाटीनें जगत नाहीं. छप्पर वेळेवर शाकारलें जावें, दारें रोज उघडावीं आणि आंत माणसांचा वावर असावा, तरच ती तग धरते. भिडे वाड्याच्या जागीं नवी वास्तु कितीही भव्य झाली, तरी तींत मुलींचा एक वर्ग नित्य भरल्याखेरीज १८४८ चें ऋण फिटणार नाहीं.