सडक्या अंड्यांचा वास आणि जास्त जगणारे किडे

ओहोटीच्या वेळी द्रोणागिरीला खाडीकडे गेलात, तर कांदळवनातल्या काळ्या चिखलातून सडक्या अंड्यांसारखा वास येतो. लोक लगेच गटाराला नाहीतर कारखान्याला दोष देतात. कधी असेलही तसं, पण हा वास चिखलाचा स्वतःचाही आहे. आत हवा पोचत नाही, मग तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. आज मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

इटलीतल्या मोडेनाचे डॉक्टर रामाझिनी. त्यांच्या घरचा शौचखड्डा उपसणारा माणूस फार घाई करत होता. का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, चार तासांवर आत राहिलं तर डोळे जातात! रामाझिनींनी १७०० साली आलेल्या पुस्तकात हे लिहून ठेवलं. या कामगारांच्या खिशातली नाणी काळी पडतात, हेही.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षं हा वायू म्हणजे निव्वळ विष. १९९६ मध्ये आबे आणि किमुरा या जपानी संशोधकांनी वेगळंच काही दाखवलं: मेंदूत हा वायू किंचित तयार होतो आणि तिथे कामाचाही असतो.

मग २००७. अमेरिकेत सिएटलला डाना मिलर आणि मार्क रॉथ यांनी सी. एलिगन्स नावाचे गोलकृमी घेतले. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, आयुष्य दोन-तीन आठवडे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग, अशा हवेत ते वाढवले. ते सरासरी ७० टक्के जास्त जगले! उष्णताही जास्त सोसली. बरं, विषाने अर्धमेले होऊन रेंगाळत होते असंही नाही, चांगले धडधाकट होते. एक ठरावीक जनुक बिघडलेलं असलं की मात्र हा फायदा मिळायचा नाही.

‘वायूने आयुष्य वाढतं’ एवढंच कुणी फॉरवर्ड केलं, तर मला भीती वाटते. दहा लाखांत १०० भाग झाले की माणसाच्या जिवाला धोका. आणि त्याच सुमाराला नाक बधिर होतं. मॅनहोलमध्ये उतरलेल्याला वाटतं, वास गेला, म्हणजे वायू गेला. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी बातम्या येतातच. त्यांत बरेचदा दुसरं नावही असतं, पहिल्याला वाचवायला उतरलेल्याचं. असं कधी समोर घडलं, तर खाली उतरू नका. १०१ लावा, आत वायू आहे हे आधी सांगा.