उंबरखिंड आणि दोन एक्के

मागच्या रविवारी खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत जाऊन आलो. शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेल्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये इथेच कोंडलं. डाव भारी असूनही महाराज गप्प राहिले, फौज अरुंद खिंडीत शिरू दिली. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला.

पोकरमध्ये मीही असाच दबा धरायचो. दोन एक्के आले की गप्प. आणि हरायचो! एक्क्यांची जोडी एकासमोर साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, चौघांसमोर जेमतेम ५६. म्हणून समोरच्याने रेझ केलं की फ्लॉपआधीच पुन्हा रेझ करून गर्दी हटवायची. खिंडीत नवा भिडू शिरणार नव्हता, खानाची वाटही बंद होती. टेबलावर अशी खिंड कुठली, राव?