सांध्याचे मोल : मराठी मुलखातील हलत्या बाहुलीचा इतिहास

बाहुली पाहणाऱ्याचे लक्ष आधी तिच्या चेहऱ्याकडे आणि वेशाकडे जाते. परंतु ती स्वस्त असावी की महाग, हे इतिहासात बहुतेक वेळा तिच्या सांध्यांवरून ठरत आले आहे. एकाच ठोकळ्यातून कोरलेली किंवा एकाच साच्यातून काढलेली बाहुली कितीही सुबक असली, तरी तिला लागणारी मजुरी मर्यादित असते. खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा वेगळे घडवून ते पुन्हा जोडायचे ठरले, की कारागिराचे काम अनेक पटींनी वाढते, कारण प्रत्येक अवयव शेजारच्या अवयवात बसला पाहिजे, फिरला पाहिजे आणि फिरवल्यावर तिथेच थांबलाही पाहिजे. आज जगभरचे संग्राहक जिच्यासाठी पैसे साठवतात ती गोलसांध्यांची बाहुली, म्हणजे जिच्या प्रत्येक सांध्यात एक गोळा आणि तो सामावणारी खोबण असते आणि जिचे सर्व अवयव आतून ओवलेल्या ताणदार इलॅस्टिकने एकत्र धरलेले असतात अशी बाहुली, हे या वाढीव कामाचे टोकाचे उदाहरण होय. बेताच्या पैशांत अशी बाहुली मिळवावी कशी, हा प्रश्न वरवर नव्या छंदाचा वाटतो. पण कमी खर्चात बाहुलीला हालचाल कशी द्यावी, या रूपात तो मराठी मुलखातील कारागिरांपुढे फार पूर्वीपासून उभा आहे.

या इतिहासाचे धागे जिथून हाती घेता येतात असे एक ठिकाण म्हणजे चलथाण. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातले हे गाव साखर कारखान्यामुळे ओळखले जाते, आणि उधना-जळगाव या लोहमार्गावरचे ते एक स्थानक आहे. हाच मार्ग बारडोली, व्यारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा तापीच्या खोऱ्यातून खानदेशात उतरतो, आणि पोटापाण्यासाठी सुरतेच्या कापडधंद्यात आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे याच वाटेने ये-जा करत आली आहेत. चलथाणच्या उत्तरेला नर्मदेच्या मुखाशी भडोच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याची नोंद आहे.

तेरच्या बाहुल्यांकडे वळण्यापूर्वी त्याहून जुन्या एका वस्तूचा विचार करावा लागतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड ही दोन्ही साधने वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्तीचे उत्खनन झाले. तेथे एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची झाकणदार डबी मिळाली. डबीसोबत कच्च्या मातीची शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. स्त्रीच्या पोटाशी आणि बैलाच्या पाठीवर भोके होती, आणि त्यांत काडी घातली की स्त्री बैलावर स्वार होई. ही देवता होती, हे पुरून ठेवण्याच्या रीतीवरून उघड आहे, आणि तिला खेळणे म्हणणे अयोग्य ठरेल. तरीही सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याने दोन वेगळ्या आकृती केवळ एका काडीने जोडता आणि सोडवता येतील अशा घडवल्या होत्या. लागलेले साहित्य म्हणजे न भाजलेली माती आणि एक काटकी. सांध्याची याहून स्वस्त रीत पुढेही फारशी कुणाला साधली नाही.

सातवाहनकालीन तेरमध्ये बाहुलीचे दोन दर्जे स्पष्ट दिसतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना सापडलेल्या वस्तू जपून जो संग्रह उभा केला, आणि जो आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्याच संग्रहात केओलिन, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, लहान लहान मूर्ती आहेत. त्या दुहेरी साच्यात घडत: पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून काढायचा, दोन्ही अर्धुके ओली असतानाच कडेने जोडायची आणि मग भाजायची. आतून पोकळ राहिल्यामुळे माती कमी लागे, भट्टीत तडा जाण्याचा धोका घटे आणि एकदा साचा झाला की त्याच चेहऱ्याच्या, त्याच केशरचनेच्या कितीतरी मूर्ती निघत. हस्तिदंत ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी तोच थाट मातीत उतरवण्याची ही युक्ती होती. मात्र या मूर्तींना सांधे नाहीत. ज्या भूमध्य समुद्राकडे तेरचा माल जात होता, तिथे ग्रीक कुंभार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासूनच हातपाय वेगळे भाजून दोऱ्याने लोंबते बांधलेल्या मातीच्या बाहुल्या विकत होते, आणि रोममध्ये क्रेपेरेया त्रिफेना या तरुणीच्या दुसऱ्या शतकातील शवपेटीत खांदा, कोपर, मांडी आणि गुडघा वळणारी बाहुली मिळाली आहे.

सांध्याची लेखी कृती मात्र मराठी मुलखाच्या अगदी शेजारी, माळव्यात सापडते. धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांविषयी आहे. त्यात लाकडी मानवाकृती घडवताना मान, हात, मनगट, मांडी, बोटे हे अवयव सुटे आणि छिद्रयुक्त करावेत, ते खिळींनी सांधावेत आणि वरून चामड्याने झाकावेत, असे सांगितले आहे. आतून सूत्रे ओवून ही आकृती हलवायची असते. आजच्या गोलसांध्यांच्या बाहुलीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही, फक्त खिळीची जागा गोळ्याने आणि सूत्राची जागा इलॅस्टिकने घेतली आहे. पण भोजाच्या ग्रंथातली बाहुली राजाच्या मनोरंजनासाठी आहे आणि तिचा खर्च हा तिथे विचाराचा विषयच नाही. १२९० मध्ये नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ‘ज्ञानेश्वरी’त मात्र सूत्राने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत येतो, तो सामान्य श्रोत्याला लगेच कळावा म्हणून, म्हणजे तोवर ही बाहुली दरबारातून गावोगावच्या खेळात उतरलेली होती.

गावात आल्यावर तिचे सांधे कमी झाले, आणि या इतिहासातला सर्वांत लक्षणीय भाग हाच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या या कला पिढ्यानुपिढ्या सांभाळल्या. त्यांना सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांचा आश्रय होता. पिंगुळीची कळसूत्री बाहुली लहान असते, तिला पाय नसतात आणि सांधे असतात ते केवळ दोन, दोन्ही खांद्यांचे. घोळदार वस्त्र कमरेखालचा सारा भाग झाकते, त्यामुळे पाय घडवण्याची मेहनत वाचते आणि प्रेक्षकाला उणीवही जाणवत नाही; डोके आणि दोन हात यांना बांधलेल्या दोऱ्यांवरच युद्ध, विनवणी आणि नाच उभे राहतात. शेजारच्या कर्नाटकातील गोंबेयाट्टाच्या बाहुलीला खांदे, कोपरे, कंबर आणि गुडघे असे सांधे असतात आणि ती पाच ते सात दोऱ्यांनी चालवली जाते. राजस्थानच्या कठपुतळीलाही पाय नसतात आणि तिचे हात बहुधा कापडाचे असतात. या तिघींची तुलना केली असता पिंगुळीच्या कारागिराचा निर्णय नेमका कळतो: ज्या सांध्याने अभिनय होतो तो ठेवायचा, ज्याने केवळ देहाचे साम्य वाढते तो सोडायचा. याला कलेतील उणेपणा मानणे हा अन्याय आहे. पाठीवर बाहुल्यांचे गाठोडे घेऊन देवळादेवळांतून खेळ करणाऱ्या कुटुंबाला वजन, वेळ आणि लाकूड यांचा हिशेब ठेवावाच लागे, आणि त्या हिशेबातूनच ही शैली घडली. २०२१ साली पिंगुळीचे बाहुलीकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या परंपरेकडे महाराष्ट्राचे लक्ष उशिरा का होईना, वळले.

सांगलीत याच्या उलट प्रयोग झाला. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या आकाराने मोठ्या आणि हालचालीला अधिक समर्थ होत्या. अशी निर्मिती हौसेला आणि चिकाटीला शक्य असते, धंद्याला नसते, आणि म्हणून तिच्यातून कारागिरांची परंपरा निघाली नाही. पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्यांना पुन्हा रंगमंचावर आणले ही मोलाची गोष्ट आहे.

खेळण्यातली बाहुली मात्र सांध्याविनाच राहिली. सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकूडकाम आणि रंगकाम करणाऱ्या चिताऱ्यांच्या वस्तीत, घडणारी ठकी ही एकसंध लाकडाची बाहुली असते. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वाळवायचे, तासून बाहुलीचा आकार काढायचा, अस्तर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि मग डोळे, कुंकू, दागिने, लुगड्याचे काठ कुंचल्याने रंगवायचे, असा तिचा क्रम. हात अंगालगतच राहतात, त्यामुळे मुलीच्या हातून ती कितीदा पडली तरी मोडत नाही. रंग उडाला तरी लाकूड टिकते आणि ठकी धाकट्या बहिणीकडे जाते. ज्या घरात एवढाही खर्च होत नसे तिथे जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली होई, आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जिच्यापुढे गाणी म्हणत ती गुलाबाई दरवर्षी मातीचीच येई आणि पाण्यात विसर्जित होई.

युरोपात मात्र आल्प्समधील ग्रोडेन खोऱ्यातले सुतार खुंटीच्या सांध्यांच्या लाकडी बाहुल्या घरोघरी कोरून इतक्या स्वस्तात पाठवत होते की त्या गरिबाच्या बाहुल्या म्हणून ओळखल्या गेल्या. राणी व्हिक्टोरियाच्या बालपणीच्या १३२ बाहुल्याही लाकडीच होत्या. त्यांची सांधणी भोजाच्या खिळीसारखीच होती, आणि ती स्वस्त झाली ती एकेका कुटुंबाने वर्षानुवर्षे एकच काम केल्यामुळे. चितारआळीला हे कौशल्य अवघड नव्हते. कमी होती ती हलत्या ठकीची मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाची.

आजची गोलसांध्यांची बाहुली जर्मन आणि जपानी वाटेने आली. हान्स बेल्मर या कलावंताने १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत केलेल्या बाहुल्यांची छायाचित्रे १९६५ मध्ये योत्सुया सिमोन या जपानी कलावंताच्या पाहण्यात आली, आणि हाताने घडवलेल्या मातीच्या गोलसांधी बाहुल्यांची जपानी शाखा बहरली. १९९९ मध्ये क्योतोच्या फोल्क्स या कंपनीने ‘सुपर डॉल्फी’ ही रेझिनची, सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची बाहुली विक्रीला आणली, आणि नंतर कोरियन व चिनी निर्माते या धंद्यात उतरले. रेझिन हे द्रवरूपात सिलिकॉनच्या साच्यात ओतून घट्ट होणारे प्लास्टिक आहे. हे साचे थोड्या ओतकामातच झिजतात, प्रत्येक अवयव हाताने घासावा लागतो आणि चेहरा हाताने रंगवला जातो; म्हणून मोठ्या बाहुलीची किंमत काही शे डॉलरांवर जाते. भारतीय संग्राहकाला त्यापुढे आयातशुल्क सोसावे लागते. खेळण्यांवरचे हे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि ते बाहुलीच्या किमतीबरोबर तिच्या वाहतूकखर्चावरही आकारले जाते. म्हणजे या दराने, पोचेपर्यंत १०,००० रुपये पडणारी बाहुली जीएसटी धरण्याआधीच १७,००० रुपयांची होते.

अशा स्थितीत चलथाणसारख्या ठिकाणच्या संग्राहकापुढे जे मार्ग उरतात ते जुन्याच युक्त्यांचे नवे अवतार आहेत. तेरच्या कुंभाराने हस्तिदंत सोडून माती घेतली, तसे रेझिनऐवजी व्हिनाइल किंवा एबीएस प्लास्टिकचे, धातूच्या साच्यात हजारोंनी निघणारे शरीर घेतले तर किंमत झपाट्याने उतरते. बाजारातल्या काही साध्या फॅशन बाहुल्यांनाही आता कोपरे, मनगटे आणि गुडघे वळतात. पिंगुळीने देह लहान ठेवला, तसे २५ ते ३० सेंटिमीटरची बाहुली निवडली तर साहित्य, वाहतूक आणि शुल्क ही तिन्ही एकदम घटतात. न रंगवलेली बाहुली घेऊन चेहरा स्वतः रंगवणे, आणि दुसऱ्याच्या संग्रहातून जुनी घेणे हेही मार्ग आहेत. जुन्या बाहुलीचे इलॅस्टिक सैल झालेले असले तर ते बदलणे अवघड नसते: मानेतून धडात आणि धडातून पायांत गेलेला दोर काढून नवा ओवायचा आणि आकड्यांना ताणून अडकवायचा. रेझिन उन्हाने पिवळे पडते, हे मात्र दुरुस्त होत नाही, त्यामुळे जुनी बाहुली घेताना झाकलेल्या आणि उघड्या भागांचे रंग ताडून पाहणे आवश्यक ठरते. मूळ शिल्पकाराची परवानगी न घेता काढलेल्या स्वस्त नकला बाजारात मिळतात. त्या घेणे म्हणजे ज्या हातांनी सांधा घडवला त्यांचीच मजुरी बुडवणे होय, आणि अल्प खर्चाचा छंद त्या पायावर उभा राहू नये.

वेशभूषेचा खर्च तर सुरत परिसरात जवळजवळ उरत नाही, कारण साड्यांच्या धंद्यातून निघणारे तुकडे, काठ आणि जर येथे सहज मिळतात. बाहुलीही मराठी कारागिराकडून घडवून घेता येते: २०२४ मध्ये सावंतवाडीच्या लाकडी कलावस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले, आणि खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या गुणवत्ता प्रमाणनातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे. म्हणजे खुंटीने खांदे फिरणारी पांगाऱ्याची ठकी मागवण्यात संग्राहकाला आणि ती घडवण्यात चिताऱ्याला आज ना शुल्काची अडचण आहे, ना प्रमाणपत्राची. हवा आहे तो एका कारागिराकडे दहा-बारा नग एकत्र नोंदवणारा संग्राहकांचा गट.