पायथॉनचे आवृत्त्यंतर : स्वयंचलित रूपांतराच्या मर्यादा

गीदो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेल्या पायथॉन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. जुन्या आज्ञावल्या तिच्यात जशाच्या तशा चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून स्वीकारले होते. त्यावर उपाय म्हणून ‘टू टू थ्री’ हे रूपांतर-साधन देण्यात आले. मूळ आज्ञावली दुसऱ्या आवृत्तीतच जतन करावी, नवी प्रत साधनाकडून काढून घ्यावी आणि दोष आढळल्यास त्या प्रतीला हात न लावता मूळ सुधारून पुन्हा रूपांतर करावे, अशी अधिकृत शिफारस होती.

व्याकरणातील दृश्य बदल साधनाने बहुतांशी नीट हाताळले. ‘प्रिंट’पुढे कंस घालणे यंत्राला अवघड नव्हते. अडचण अर्थाची होती. ३ ला २ ने भागल्यास जुन्या आवृत्तीत उत्तर १ येई, नव्या आवृत्तीत १.५, चिन्ह मात्र तेच. पायथॉनमध्ये चलाचा प्रकार आज्ञावली चालू असतानाच ठरतो. त्यामुळे केवळ लिखित संहिता वाचणाऱ्या साधनास तेथे पूर्णांक आहेत की दशांश, हे कळण्यास मार्ग नव्हता. ते चिन्ह तसेच राही. रूपांतरित आज्ञावली न अडखळता चाले, पण उत्तर बदललेले असे. आकडेमोडीवर विसंबणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने बंद पडणाऱ्या आज्ञावलीपेक्षा ही अधिक घातक होय.

याहून बिकट प्रश्न लिपीचा होता. जुन्या आवृत्तीतील साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग. यूटीएफ-८ संकेतनातील ‘मराठी’ या शब्दाची लांबी तेथे १५ भरे, नव्या आवृत्तीत ५. (मराठी वाचक तीनच अक्षरे मोजील, ही गोष्ट निराळी.) साध्या इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येत असल्याने हा भेद दीर्घकाळ झाकलेला राहिला. अमुक ठिकाणी मजकूर अभिप्रेत आहे की कच्चे बाइट, हे संहितेत बहुधा लिहिलेलेच नसे. ते कर्त्याच्या मनात असे, आणि कित्येकदा तेथेही नसे.

परिणामी शिफारस मागे पडली. २०१० मध्ये आलेल्या ‘सिक्स’सारख्या लायब्ररीच्या आधारे एकच संहिता दोन्ही आवृत्त्यांत चालविण्याची पद्धत रूढ झाली. २०१२ च्या ३.३ आवृत्तीने स्ट्रिंगपूर्वीचे जुने ‘यू’ हे चिन्ह पुन्हा मान्य केले. म्हणजे नव्या भाषेलाच जुनीकडे वळावे लागले. दुसऱ्या आवृत्तीस आधी २०१५ पर्यंत आधार मिळावयाचा होता. ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. ‘टू टू थ्री’ हे साधन ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ आवृत्तीतून वगळण्यात आले.