हातसडीचा तांदूळ: संस्कार, श्रम आणि ‘पारंपरिक’ आहाराची कल्पना

१

मराठीत ‘हातसडीचा तांदूळ’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. आरोग्याची काळजी वाहणारा ग्राहक आज तो आदराने उच्चारतो. परंतु या शब्दप्रयोगाची घडण पाहिली, तर त्याचे वय फार नसावे असे दिसते. जोवर सगळाच तांदूळ हाताने सडला जात होता, तोवर ‘हातसडीचा’ हे विशेषण लावण्याचे प्रयोजनच नव्हते. गिरणी आली आणि नित्याच्या वस्तूला वेगळे नाव देण्याची गरज उत्पन्न झाली. ‘पारंपरिक आहार’ या व्यापक कल्पनेचीही कथा बहुतांशी अशीच आहे. पूर्वीच्या पद्धतीने सिद्ध केलेले अन्न हे त्या पद्धतीमुळेच आरोग्यकर असते, हे समीकरण आज स्वयंसिद्ध वाटते. ते कसे घडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात तांदूळ या एकाच धान्याच्या आधारे केला आहे. धान्य एकच ठेवल्याने संस्कृत शास्त्रग्रंथ, राजदरबारी संकलने, स्त्रियांची गीते, वैद्यकीय अहवाल आणि राजकीय निबंध हे परस्परांपासून दूर असलेले वाङ्मयप्रकार एकाच पंक्तीत बसवून पाहता येतात.

२

आयुर्वेदीय संहितांमध्ये अन्नाचा विचार ‘जुने’ आणि ‘नवे’ या पद्धतींच्या भेदाने केलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचे हिताहित ठरविणारी आठ अंगे सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. त्यांपैकी ‘करण’ म्हणजे द्रव्यावर केलेला संस्कार. धुणे, शिजविणे, घुसळणे, भिजविणे, विशिष्ट पात्रात ठेवणे या क्रियांनी द्रव्यात मूळचे नसलेले गुण येतात, अशी ही उपपत्ती आहे. एकाच भाताच्या लाह्या हलक्या आणि पोहे जड, हा निर्णय याच उपपत्तीवर उभा आहे. म्हणजे अन्नाचा गुण धान्यात जेवढा, तेवढाच तो हातात आणि चुलीवर असतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नीट धुतलेला, पेज निथळलेला, चांगला शिजलेला आणि गरम भात हलका असतो, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. आधुनिक पोषणशास्त्राच्या दृष्टीने मात्र तांदूळ पुष्कळ पाण्यात धुणे आणि पेज काढून टाकणे म्हणजे पाण्यात विरघळणारी ब-गटातील जीवनसत्त्वे गमावणे होय. दोन्ही विधाने आपापल्या प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. संहितेचा प्रश्न पचनाचा, अग्नीच्या बलाबलाचा. पोषणशास्त्राचा प्रश्न द्रव्यघटकांचा. ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ असे म्हणून दोहोंची गाठ मारणारे लेखन दोन्ही शास्त्रांवर अन्याय करते.

३

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात ‘अन्नभोग’ हे प्रकरण आहे. तेथे तांदळाचे आठ प्रकार येतात आणि भात शिजवून उरलेले पाणी काढून टाकण्याची कृतीही येते. ग्रंथाचा नायक मात्र भोक्ता राजा आहे. हिताबरोबर रस, गंध आणि वैभव यांनाही येथे स्थान मिळते.

मराठी अभ्यासकाला याहून जवळचा ग्रंथ महाराष्ट्राबाहेर, तंजावर येथे सापडतो. एकोजीराजे भोसले यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. प. कृ. गोडे यांनी या ग्रंथकाराच्या कालनिर्णयाकडे आणि ग्रंथातील सामग्रीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये त्याचा पहिला परिच्छेद त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध झाला. पूर्वसूरींची वचने एकत्र करून द्रव्यांचे गुणागुण सांगणे ही त्याची पद्धती. पदार्थांची लोकभाषेतील नावेही त्यात येत असल्याने तमिळ प्रदेशात वसलेल्या मराठी घराण्याचे स्वयंपाकघर संस्कृत कोशपद्धतीत उतरलेले दिसते. येथेही ‘परंपरा’ हे मूल्य म्हणून उच्चारले जात नाही. प्रश्न असतो तो पथ्य काय आणि अपथ्य काय, कोणाला आणि कोणत्या ऋतूत, हा.

४

या सर्व ग्रंथांत तांदूळ येतो तो सडून, पाखडून आलेला. तो कोणी सडला, याविषयी शास्त्रकार बहुधा मौन पाळतात. ते मौन मोडते वेगळ्या वाङ्मयात. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळू-कांडू लागतो. देवाने मुसळ हाती घ्यावे ही कल्पना भक्तीची खरीच. पण ती सुचण्यासाठी ते काम किती जड आहे, हे अंगाने जाणलेले असावे लागते. जात्यावरच्या ओव्या हा त्याच श्रमाचा दुसरा आणि विराट दस्तऐवज. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पहाटेचा काळोख, माहेर, भाऊ आणि देव यांच्याशी बोलत दळण सरते, ही त्यांची भूमी आहे.

कष्टाची आणखी एक बाजू आहे. मुसळाने सडलेला तांदूळ नेहमीच कोंडायुक्त असतो, असे नाही. तीन वेळा सडलेल्या तांदळाला ‘तिसडी’ म्हणत. जितके घाव अधिक, तितका दाणा शुभ्र आणि तितकी पंक्तीची प्रतिष्ठा मोठी. पांढऱ्या भाताची आवड गिरणीने निर्माण केली नाही. गिरणीने ती स्वस्त केली आणि सर्वांच्या आवाक्यात आणली. पूर्वी बहुसंख्य घरांत दाण्यावर कोंड्याचा थर राहत असे, त्यास ज्ञानाइतकीच मनुष्यबळाची मर्यादाही कारण होती.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आग्नेय आशियात पसरल्या. कोंड्यात तेल असते, ते खवट होते. म्हणून सडलेला तांदूळ घरी थोडाथोडा आणि वरचेवर तयार केला जाई. चकचकीत केलेला दाणा मात्र कोठारांत आणि जहाजांत टिकतो. व्यापाराला तोच सोयीचा होता. तुरुंग, पलटणी, जहाजे आणि मळ्यांवरील मजूर यांना असाच तांदूळ मिळू लागला, आणि पाय बधिर करणारा, हृदय दुबळे करणारा बेरीबेरी हा रोग तेथे बळावला.

बटाव्हिया येथे डच वैद्य क्रिस्तियान आइकमान याला १८९०च्या दशकात असे आढळले की, केवळ पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना तशीच व्याधी जडते आणि कोंडा दिल्यावर ती ओसरते. फोर्डरमान याने जावामधील तुरुंगांची पाहणी करून माणसांच्या बाबतीतही हाच संबंध दाखविला. १९०१ मध्ये खेरिट ग्राइन्स याने कोंड्यात एक आवश्यक घटक असल्याचे प्रतिपादन केले. १९१२ मध्ये काझिमिर फुंक याने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द प्रचारात आणला. १९२९ मध्ये आइकमानला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मद्रास इलाख्यातील अनुभव आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. रॉबर्ट मॅक्कॅरिसन याने कुन्नूर येथे आहारविषयक संशोधन उभे केले; तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या इलाख्यात बेरीबेरीचा उपद्रव मुख्यतः उत्तर सरकार प्रांतात, म्हणजे आंध्राच्या किनारपट्टीवर होता. दक्षिणेकडील तमिळ जिल्ह्यांत तो विरळ होता. भात दोन्हीकडे खाल्ला जाई, गिरण्याही दोन्हीकडे होत्या. भेद होता तो उकड्या तांदळाचा. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला, तर कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत मुरतो आणि गिरणीतूनही तो पुष्कळसा वाचतो. कोकणात आणि गोव्यात घरोघरी परिचित असलेली हीच कृती. ती आरोग्यासाठी शोधली गेली असे मानण्याचे कारण नाही. उकड्या भाताचे तूस सहज निघते आणि कणी कमी पडते. तरीही तिने असंख्य माणसांना एका जीवघेण्या रोगापासून राखले. चरकसंहितेतील ‘करण’ या संकल्पनेला इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. जुनेपणाने मात्र काही सिद्ध होत नाही, हेही याच उदाहरणातून दिसते. उत्तर सरकारातील कच्च्या तांदळाची आवड काही कमी पारंपरिक नव्हती.

६

संस्कार, श्रम आणि स्थानिकता ही तीन सूत्रे एका शब्दात बांधली गेली ती वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते आणि मगनवाडी हे केंद्र. ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या त्या सुमाराच्या अंकांत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार सातत्याने येतो. गांधीजींच्या या गद्यात डॉक्टरांची मते आणि खेड्यातील बेकारीचा हिशेब शेजारी शेजारी येतात. कोंडा गेला तर शरीराचे नुकसान, सडण्याचे काम गेले तर गावाचे नुकसान, अशी ही दुहेरी मांडणी आहे. पुढे आगाखान पॅलेसमधील बंदिवासात, पुण्यातच, त्यांनी गुजरातीत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकातही आहाराला असेच मध्यवर्ती स्थान आहे. स्वातंत्र्यानंतर हातसडीला संरक्षण देण्याच्या हेतूने १९५८ मध्ये भात गिरणी उद्योगाच्या नियमनाचा कायदा झाला. तो १९९७ मध्ये रद्द करण्यात आला.

वर्ध्याच्या या गद्याचे सामर्थ्य त्याच्या एकत्रीकरणात आहे. त्याची अडचणही तेथेच आहे. मुसळ आरोग्यदायी ठरले, तेव्हा मुसळ उचलणारीला काय वाटते, हा प्रश्न मागे पडला. संघाच्या दृष्टीने सडणे हा मोबदला मिळणारा धंदा व्हावयाचा होता. घरातील सडणे मात्र बिनमोलाचे होते. गावात गिरणी आली तेव्हा अनेक घरांतील बायकांची सुटका झाली, आणि त्याच वेळी मजुरीने सडणाऱ्या गरीब बायकांची रोजी गेली. ही दोन्ही विधाने सत्य आहेत. आहाराचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांपैकी एकही गाळता येणार नाही.

७

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकासाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘पारंपरिक अन्न’ असा उल्लेख आढळेल तेथे त्यात कोणता अर्थ बोलतो आहे, हे आधी विचारावे: शास्त्रकाराचा संस्कार, ओवी गाणारीचे कष्ट, की ग्रामसुधारकाचे गाव? ओडिशातील पखाळ, बंगालातील पांता भात, तमिळनाडूतील पळय सोरू, कोकणातील पेज हे पदार्थही असेच तपासता येतील. शिजलेल्या भातावर पाणी घालून तो रात्रभर ठेवणे हा एक संस्कारच आहे; पण तो भात सकाळी कोण खात होते आणि ताजा भात कोणाच्या पानात पडत होता, याचे उत्तर शास्त्रग्रंथात नसून गीतांत, म्हणींत आणि आत्मचरित्रांत शोधावे लागते.

या प्रश्नांचे मोल केवळ ग्रंथालयापुरते नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने सार्वजनिक योजनांतून पोषणमूल्ये मिसळलेला तांदूळ देण्याची घोषणा केली. यंत्राने तांदूळ पांढरा करावयाचा, मग त्यात लोह आणि जीवनसत्त्वे घातलेले दाणे मिसळावयाचे, असा हा क्रम आहे. त्यावर वाद झडतात तेव्हा एक पक्ष शास्त्राच्या नावाने आणि दुसरा परंपरेच्या नावाने बोलतो. उकड्या तांदळाचा इतिहास दोघांनाही उपयोगी पडेल. कृती कोणती, तिने दाण्यात नेमके काय राहिले आणि त्यासाठी कोणाचे हात राबले, एवढे तीन प्रश्न क्रमाने विचारले, तर जुन्यातले घेण्याजोगे काय आणि सोडण्याजोगे काय, याचा निवाडा भावनेवर सोडावा लागणार नाही.